लाभार्थी अक्का

विमानतळावर रडायचं असतं ते आईने, आणि "अगं, वर्षभराचा तर प्रश्न आहे" म्हणत घड्याळाकडे बघायचं असतं ते मुलाने. अक्कांच्या बाबतीत सगळंच उलटं झालं. परदेशी शिकायला निघाल्या होत्या अक्का, आणि नाक पुसत उभा होता तो त्यांचा टक्कल पडायला लागलेला मुलगा.

"पोचलीस की फोन कर. वेळेवर जेव. अनोळखी माणसांशी फार बोलू नकोस."

"अरे, ही वाक्यं माझी आहेत," अक्का म्हणाल्या. "तुला वापरायला दिली होती. परत कर."

अक्कांची पन्नाशी उलटलेली. उभी हयात त्यांनी एका संस्थेत काढली होती. काम काय, तर गावोगाव जाऊन बायकांना एकत्र बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एकमेकींचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतलेल्या दोन जावांना एका सतरंजीवर बसवून त्यांच्याकडून गटाचा कारभार चालवून घेणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. अक्का ते हसत हसत करायच्या. म्हणून संस्थेने नवं प्रशिक्षण केंद्र काढलं तेव्हा प्रमुखाच्या खुर्चीवर अक्कांनाच बसवायचं ठरलं. देणगीदारांची अट मात्र होती, की त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे ‘आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयातली पदवी हवी.

"म्हणजे काय शिकणार तुम्ही?" शेजारणीने विचारलं.

"इतकी वर्षं मी जे करतेय, त्याला काय म्हणतात ते."

अर्धं वर्ष वर्गात बसून शिकायचं आणि अर्धं वर्ष तिथल्याच एका वस्तीत काम करायचं, असा तो अभ्यासक्रम होता. पास झाल्या तर खुर्ची, नाहीतर संस्थेत तिच्याकडे डोळा लावून बसलेले दोन तरुण होतेच. हिशेब सरळ होता.

विद्यापीठाने दिलेली खोली स्वच्छ होती, उबदार होती आणि इतकी शांत होती, की पहिल्या दिवशी अक्कांनी आपल्या कानांची काळजी केली. पलंग, टेबल, एक खुर्ची. खुर्ची एकच होती, म्हणजे कुणी आलं तर बसणार कुठे, हा प्रश्न अक्कांना पडला. महिन्याभरात तो मिटला. कुणी आलंच नाही. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची आणि तिथे माणसं गाडीतून उतरून दारात शिरेपर्यंतच दिसायची. भिंतीच्या कडेने खोली गरम ठेवणारी नळी गेली होती. संध्याकाळी ती घसा खाकरल्यासारखी गुरगुरायची. अक्का तिला "हं, बोल" म्हणायच्या.

स्वयंपाकघर सहाजणांत एक. फ्रिजमधला कप्पा ज्याचा त्याचा, फडताळ ज्याचं त्याचं, मीठसुद्धा ज्याचं त्याचं. बाकीची पाचही पोरं त्यांच्या मुलापेक्षा लहान. कानांत इअरफोन घालून यायची, ताटली भरून आपापल्या खोलीत जायची. स्वभावाने गोड होती बिचारी. हसायची, दार धरून ठेवायची. त्यातला एक उंच मुलगा अक्का आत आल्या की घाईघाईने ओटा पुसायला लागायचा. महिनाभराने उलगडा झाला, की त्याला वाटत होतं, ही बाई स्वच्छता तपासायला येते. खरं कळल्यावर त्याने ओटा पुसणं सोडलं आणि अक्कांशी असलेला त्याचा तेवढाही संबंध संपला.

मुलाचा फोन रविवारी यायचा.

"मैत्रिणी झाल्या का गं?"

"झाल्या की."

"कोण कोण?"

अक्कांनी खोलीभर नजर फिरवली. "एक आहे, भिंतीला टेकून असते. बोलते जरा घशातून, पण रोज संध्याकाळी बोलते. आणि भारी उबदार आहे बघ."

"वा! तिला एकदा फोनवर दे ना."

"आत्ता ती गार पडलीये," अक्का म्हणाल्या आणि सुनेला फोन द्यायला सांगितला.

वर्गात त्यांचं बरं चाललं होतं असं म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याचं पाण्यात बरं चाललंय म्हणण्यासारखं होतं. प्राध्यापक सज्जन होते. खिडकीकडे बघून बोलायचे, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलताहेत. अक्कांनी पहिला निबंध मोठ्या हौसेने लिहिला. ‘माणसं बोलावून येत नाहीत, आपण त्यांच्या दारात जाऊन बसावं लागतं,’ या वाक्याने सुरुवात केली. निबंध परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोण म्हणतं?’

अक्का प्राध्यापकांच्या खोलीत गेल्या. "मी म्हणते."

"ते दिसतंच आहे," प्राध्यापक खिडकीला म्हणाले. "पण तुम्ही म्हणता म्हणून ते सगळीकडे खरं ठरत नाही. कुठे खरं आहे आणि कुठे नाही, ते शोधा."

अक्कांना राग आला. दारात जाऊन बसणं जगात कुठे खोटं असेल, हे त्यांच्या कल्पनेत बसेना. पुढे ते बसलं, आणि चांगलंच बसलं.

दुसऱ्या सहामाहीत त्यांची नेमणूक एका वस्तीकेंद्रावर झाली. तिथली पर्यवेक्षक वयाने लेकीएवढी, पण वागणं थेट थोरल्या जावेचं: वाईट बोलणार नाही, पण चमचा जरी चुकीच्या जागी ठेवलात तरी तिला न बघताही कळणार. अक्कांनी मनातल्या मनात तिचं नाव ‘थोरली’ ठेवलं. थोरलीने त्यांना एक सात मजली इमारत दाखवली. एकटी राहणारी म्हातारी माणसं तिथे होती. तळमजल्यावर एक मोठी खोली होती. सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून बांधलेली आणि बांधल्यापासून कुलूप लावलेली. आता मालकांचं म्हणणं होतं, कुणी वापरत नसेल तर तिथे सामान ठेवू.

"रहिवाशांची बैठक घ्यायची, त्यांचा गट उभा करायचा, खोली त्यांच्या हाती द्यायची आणि शेवटी आपण बाजूला व्हायचं," थोरली म्हणाली. "एवढं झालं की तुम्ही पास."

अक्कांना हसू आलं. एवढंच? हे तर त्या जेवताजेवता करायच्या.

त्यांनी खोली झाडली, खुर्च्या गोलात मांडल्या, जिन्यात आणि लिफ्टमध्ये पत्रकं लावली. बैठकीच्या दिवशी त्या लवकर जाऊन बसल्या. गोलातल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने एक म्हातारा दारात आला. अक्का आनंदाने अर्ध्या उठल्या.

"लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं इथेच बसतात का?"

"नाही, पण तुम्ही बसा ना."

"मग नको," म्हातारा म्हणाला आणि गेला.

पुढच्या बैठकीला तोही आला नाही. तिसऱ्या बैठकीला अक्कांनी खुर्च्या गोलातून काढून भिंतीला लावल्या, कारण रिकाम्या गोलापेक्षा रिकामी भिंत बरी. मग त्यांनी ठरवलं, पुस्तक गेलं खड्ड्यात. आता आपली मूळ विद्या बाहेर काढायची.

ती विद्या अशी. नव्या गावात पाऊल टाकलं की पहिल्या दिवशी अक्का कामाबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. एखाद्या घराच्या पायरीशी जाऊन म्हणायच्या, "बाई गं, जरा प्यायला पाणी देतेस का?" पाणी मागितलं की माणूस आत जातं, तांब्या घेऊन बाहेर येतं, आणि तुम्ही पिईपर्यंत त्याला उभं राहावंच लागतं. तेवढ्यात विचारायचं, "पोरं किती?" झालं! उपकार करणाऱ्याला उपकार घेणारा आवडतो. मदत द्यायला येणाऱ्याला दारं बंद होतात, मागायला येणाऱ्याला उघडतात. शेकडो दारं त्यांनी अशी उघडली होती.

अक्का तिसऱ्या मजल्यावर गेल्या. जिना चढून धाप लागली होती, कारण लिफ्ट खरंच बंद होती. त्यांनी घंटी वाजवली. साखळी लावलेलं दार बोटभर उघडलं. आत एक धिप्पाड म्हातारा, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर.

"माफ करा हं," अक्का धापा टाकत म्हणाल्या, "जरा प्यायला पाणी मिळेल?"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. या इमारतीत अनोळखी माणूस घंटी वाजवायचं ते दोनच कारणांनी: काहीतरी विकायला किंवा चुकून. पाणी मागायला कुणी कधीच आलेलं नव्हतं. ज्या माणसाच्या स्वतःच्या घरात नळ आहे, ते दुसऱ्याच्या दारात पाणी कधी मागेल? मरायला टेकलं तरच.

"तिथेच बसा! हलू नका!" म्हणून त्याने दार लावलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

अक्कांना वाटलं, तांब्या आणायला गेला. त्या पायरीवर बसल्या. पुढचं सगळं इतकं झपाट्याने झालं, की ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य त्यांना पुरतं बोलताच आलं नाही. खाली सायरन वाजला. लाल डगला घातलेली दोन माणसं धडाधड जिना चढून आली. अक्कांच्या अंगावर चांदीसारखा चमकणारा कागद गुंडाळला गेला. आणि काय आश्चर्य! पत्रकांनी जे साधलं नव्हतं ते सायरनने साधलं. खालची दारं उघडली, वरची दारं उघडली. गाऊनमधली, स्वेटरमधली, हातात कुत्रा धरलेली, एका पायात चप्पल असलेली अशी सगळी इमारत जिन्यात जमली.

"कोण आहे?"

"ती पत्रकंवाली."

"काय झालं?"

"माझ्या दारात कोसळली," ड्रायव्हर सांगत होता. त्याच्या आवाजात नाही म्हटलं तरी जरा अभिमान होता.

"तरी मी म्हणत होते, बाई हडकुळी दिसते," पाचव्या मजल्यावरची एक आजी ओरडून म्हणाली. टेलिफोनच्या कचेरीत कानाला आयुष्यभर यंत्र लावून तिला कमी ऐकू यायला लागलं होतं आणि म्हणून ती सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायची. तिला सगळे टेलिफोनबाई म्हणायचे.

अक्कांच्या पुढ्यात आयती बैठक बसली होती. एवढी माणसं, एवढं कुतूहल! त्यांच्यातली जुनी कार्यकर्ती आतून ढोसायला लागली: बोल, आत्ता बोल, अशी संधी पुन्हा यायची नाही. त्यांनी तोंड उघडलंही.

तेवढ्यात लाल डगल्यातल्या पोरीने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडीवर बोटं ठेवून ती शांतपणे मोजत राहिली. बोटं गरम होती. या देशात आल्यापासून अक्कांना कुणी हात लावला नव्हता. हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. आत्ता आलं.

"काकू, घरी कोण आहे तुमच्या?"

"मुलगा आहे, सून आहे, नात आहे."

"बोलवू त्यांना?"

"ते इथे नाहीत."

"बरं. मग इथे कोण आहे?"

अक्का उत्तर शोधू लागल्या. प्राध्यापक? ओटा पुसणारा मुलगा? थोरली? ती नळी? उत्तराऐवजी रडू आलं, आणि आलं ते असं आलं, की चांदीचा कागद सळसळायला लागला. अख्ख्या वस्तीला बोलतं करणारी बाई अख्ख्या वस्तीसमोर हमसाहमशी रडत होती आणि वस्ती गप्प उभी होती. रक्तदाब मोजला, वाढलेला निघाला. गोळी दिली, विश्रांती सांगितली. रुग्णवाहिका गेली आणि एकेक दार हळूच लागलं. ड्रायव्हरने पाण्याचा पेला आणून दिला, तो मात्र अक्कांनी पुरता रिकामा केला.

थोरलीने दुसऱ्या दिवशी समोर बसवलं. ती ओरडली नाही, हेच वाईट.

"कुणाच्याही दारात एकटं जायचं नाही, हा पहिला नियम आहे. मी काय लिहू आता?"

"जे झालं ते लिहा."

थोरलीने पेनाला टोपण लावलं. "आणखी एकच बैठक घ्या. माणसं आली तर पुढे बघू. नाही आली तर इथेच थांबू."

त्या बैठकीला अक्कांनी खुर्च्या मांडल्याच नाहीत. एक स्वतःला घेतली, एक थोरलीला दिली. आणि दार ढकलून ड्रायव्हर आत आला. त्याच्यामागून टेलिफोनबाई, कुत्रेवाला, एका पायात चप्पल असलेली आजी (आता दोन्ही पायांत), आणखी चार-सहाजण.

"खोलीबद्दल बोलायचं ना?" अक्का हरखून म्हणाल्या.

"खोली गेली चुलीत," ड्रायव्हर म्हणाला. "तुमची तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"हे त्या दिवशीही म्हणत होत्या," ड्रायव्हर इतरांना म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग त्या माणसांनी अक्कांना बाजूला ठेवून अक्कांवर चर्चा केली. बाई परकी आहे. एकटी आहे. हिचं काही बरंवाईट झालं तर खोलीचं दार फोडेपर्यंत कुणाला कळायचं नाही. हिच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. रोज संध्याकाळी एकाने फोन करावा. पाळ्या लावाव्यात. पाळ्या ठरवायला जमायचं कुठे? इथेच, या खोलीत. कुत्रेवाला म्हणाला, मग चहाची किटली मी आणतो. अशा रीतीने गट स्थापन झाला.

अक्का बघतच राहिल्या. गरजा ओळखणं, प्राधान्य ठरवणं, जबाबदारी वाटून घेणं, सगळं पुस्तकात दिल्याबरहुकूम चाललं होतं. फरक एवढाच, की आजवर सतरंजीच्या ज्या बाजूला लाभार्थी बसायचे, त्या बाजूला त्या स्वतः होत्या. जन्मभर हा शब्द त्यांनी लोकांना चिकटवला होता. तो अंगाला इतका टोचतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

फोन सुरू झाले. फोन कसले, दाराला टकटक केल्यासारखे. ड्रायव्हर म्हणायचा, "आहात ना? जिना सावकाश चढा." कुत्रेवाल्याच्या फोनवर निम्मं बोलणं कुत्र्याचं असायचं. टेलिफोनबाई पूर्वीच्या सवयीने झटपट बोलायची आणि लाइन तोडायची, उत्तर तिला तसंही ऐकू येत नसे. मिनिटभराचं काम. पण अक्का दुपारपासून त्या मिनिटाच्या तयारीला लागायच्या. आज काय सांगायचं ते ठरवायच्या. सांगणं व्हायच्या आत फोन संपायचा आणि मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं सामसूम.

खोली मात्र चालू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही गटाने पाळ्यांत घेतलं. मालकांनी सामानाचा विचार सोडला. थोरलीच्या चेहऱ्यावर चक्क हसू दिसलं.

आणि शेवटचा दिवस आला. शेवटच्या बैठकीत कार्यकर्त्याने बाजूला व्हायचं आणि त्याच्यावाचून गटाचं अडत नाही हे दाखवायचं, असा नियम. थोरली एका कोपऱ्यात पेन उघडून बसली. एकेक विषय झाला. खोलीची किल्ली, किटली, दुसरा मजला.

"आता राहिल्या बाई," ड्रायव्हर म्हणाला. "तब्येत तर सुधारली. मग काय बाई, तुमचा फोन चालू ठेवायचा की बंद करायचा?"

थोरलीने मान वर केली. बरोबर उत्तर कुठलं, हे सगळ्यांत जास्त अक्कांनाच ठाऊक होतं. गावोगावच्या अशा शेवटच्या बैठकांत त्या हाच प्रश्न बायकांना विचारायच्या. "आता आमच्यावाचून अडतं का गं तुमचं?" बायका एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही अक्का, आता आमचं आम्ही बघू." टाळ्या व्हायच्या. जीप सुटायची. त्यातल्या एखादीला खरं काय म्हणायचं होतं, हे मागे वळून विचारायला अक्का कधी थांबल्या नव्हत्या. पुढचं गाव वाट बघत असायचं.

‘बंद करा.’ दोनच शब्द. ते म्हटले की पदवी, घर, खुर्ची.

"बाई?" ड्रायव्हर म्हणाला.

"चालू ठेवा," अक्का म्हणाल्या.

"ठेवू की," ड्रायव्हर म्हणाला आणि रविवारची पाळी कुणाची यावरून त्यांची जुंपली.

थोरली अक्कांना बाहेर घेऊन गेली. "काय केलंत हे? कार्यकर्तीच लाभार्थी असेल तर ती बाजूला झाली असं मी कसं लिहू? पुन्हा सहा महिने, दुसरी वस्ती. तुमची संस्था थांबेल तोवर?"

"नाही थांबणार."

"मग आत जा आणि सांगा, चुकून बोलले. मी ऐकलं नाही असं समजेन." पहिल्यांदाच ती थोरल्या जावेसारखी नाही, लेकीसारखी बोलत होती.

"चुकून नाही बोलले गं," अक्का म्हणाल्या. "लिही तू."

थोरलीने लिहिलं. पुसायची सोय नसलेल्या पेनाने लिहिलं.

अक्का खोलीवर आल्या, दिवा लावला, खुर्चीवर बसल्या. मुलाला कळवायचं होतं, संस्थेला कळवायचं होतं, पण आधी कुणाला तरी नुसतं सांगायचं होतं. फोन वाजला. आजची पाळी टेलिफोनबाईची.

"नमस्कार! ठीक आहात? छान! ठेवते!"

लाइन तुटली. अक्कांनी फोन कानाचा काढला नाही.

"ठीक कसली हो," त्या म्हणाल्या, "नापास झाले." आणि मग, एवीतेवी सुरुवात झालीच होती म्हणून, सकाळपासून काय काय घडलं ते त्या बंद फोनवर पहिल्यापासून सांगायला लागल्या.